तात्यांचा प्रश्न: आपण केलं ते लॉबिंगच का?

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गावातले पंधराएक द्राक्ष बागायतदार सांगलीला विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन द्यायला गेले होते. मी हायस्कूलवर नागरिकशास्त्र शिकवतो आणि माझं अक्षर बरं आहे म्हणून गावातली निवेदनं बहुतेक माझ्याकडूनच लिहून घेतात. त्यामुळे मीही बरोबर होतो. विषय बेदाण्यावरच्या जीएसटीचा. आवक विभागातल्या कर्मचाऱ्याने दोन्ही प्रतींवर शिक्के मारले, एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरी पोच म्हणून परत दिली. साहेबांनी उभ्या उभ्या पाच-सात मिनिटं ऐकून घेतलं. मग आम्ही बाहेर येऊन चहा घेतला.

चहा पिता पिता आमच्यातल्या एका बागायतदाराने, तात्यांनी विचारलं, "गुरुजी, टीव्हीवर सारखं लॉबी, लॉबिंग म्हणत्यात. साखर लॉबी, दारू लॉबी. मग आत्ता आपण क्येलं ते काय?"

"लॉबिंगच, तात्या."

"आरं तिच्या. पण त्ये तर वाईट आसतंय न्हवं?"

तात्यांना तेव्हा मी चहाच्या टपरीवर जमेल तेवढं सांगितलं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. वर्गात दबावगटाचा धडा शिकवताना चार ओळींत तो उरकला जातो, आणि मुलं परीक्षेत 'दबावगट सरकारवर दबाव आणतात' असं लिहून दोन गुण घेतात. खरं तर आपल्या उसाचा दर, पाण्याची पाळी, सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र, निवडणुकीतला पैसा या सगळ्यांशी त्याचा संबंध आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दापासून सुरुवात करू. सभागृहाबाहेरच्या मोकळ्या दालनाला इंग्रजीत लॉबी म्हणतात. लोकप्रतिनिधी आत-बाहेर करताना त्यांना तिथे गाठायचं आणि आपलं म्हणणं त्यांच्या कानावर घालायचं, यावरून हा शब्द आला. कायदा, कर, नियम किंवा धोरण ठरत असताना ते आपल्या बाजूने ठरावं म्हणून ठरवणाऱ्याला पटवण्याचा संघटित प्रयत्न म्हणजे लॉबिंग. मग तो कंपनीने करो, कामगार संघटनेने करो, की आमच्यासारख्या पंधरा बागायतदारांनी करो.

आपल्याकडे यात वशिल्याची आणि लाचेची सरमिसळ होते. वशिला आपल्या एकट्याच्या फायलीसाठी लावतात. पुतण्याची बदली किंवा स्वतःचा परवाना, एवढ्यापुरताच तो असतो. लॉबिंग नियमासाठी असतं, आणि नियम बदलला तर तो सगळ्यांनाच लागू होतो. लाच हा तर सरळ गुन्हा आहे, त्यासाठी १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आहे. उलट बोलण्याचा आणि संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या कलमानेच दिला आहे. शिष्टमंडळ, मोर्चा, निवेदन, धरणं ही सगळी त्या हक्काचीच रूपं. तात्यांनी त्या दिवशी काही वावगं केलं नव्हतं.

बेदाण्यावरून फायदा कळतो

द्राक्षाचे घड कापले की पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरतात. दोन-तीन आठवड्यांत मणी सुकतात, नंतर ते झाडून, निवडून बॉक्समध्ये भरतात. हे सगळं शेतकरी स्वतःच करतो, किंवा गावातल्याच कुणाच्या शेडवर करून घेतो. आता कराच्या भाषेत हा बेदाणा कोण? शेतातली उपज, की प्रक्रिया केलेला माल? जीएसटीच्या दरपत्रकात सुक्या द्राक्षांवर ५ टक्के कर लिहिलेला. तर दुसरीकडे कायदाच म्हणतो की स्वतःच्या जमिनीतली उपज विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीत नोंदणीची गरज नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये आमच्या तासगाव भागातला बेदाणा करणारा शेतकरी अडकला होता.

दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला हे आपोआप कळणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या टेबलावर हजारो वस्तू आहेत, त्याने बेदाण्याचं शेड पाहिलेलं नसणार. कुणीतरी जाऊन सांगितल्याशिवाय ही अडचण सरकारला दिसतच नाही. लॉबिंगचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा फायदा हाच, की ते सरकारपर्यंत माहिती पोचवतं. मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो, आणि मतपत्रिकेवर 'बेदाण्याचं काय?' असा रकाना नसतो.

पुढे २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची ५५ वी बैठक झाली. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही, असं तिथे स्पष्ट करण्यात आलं. त्याच वाक्यात मिरीचंही नाव होतं. मिरी पिकवणारा आणि बेदाणा करणारा, दोघांची अडचण एकच, म्हणून सुटलीही एकत्र. आमच्या एका कागदाने हे झालं असं मी मुळीच म्हणणार नाही. द्राक्ष पट्ट्यातून, व्यापाऱ्यांकडून, लोकप्रतिनिधींकडून ही मागणी किती तरी दिवस चालली होती. पण अशा पुष्कळ कागदांचा मिळून एक ढीग होतो आणि कधीतरी तो ढीग दिसतो.

हळदीचं उदाहरण याहून बोलकं आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथल्या मार्केट यार्डातले सौदे देशभर माहीत आहेत. पण राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय गेलं तेलंगणातल्या निजामाबादला. का? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत तिथे १८५ उमेदवार उभे होते आणि त्यातले १७० हून अधिक शेतकरी होते. त्यांना निवडून यायचं नव्हतं, त्यांना हळद मंडळ हवं होतं. देशभर त्याची बातमी झाली. तिथल्या एका उमेदवाराने मंडळ आणण्याचं वचन बाँड पेपरवर लिहून दिलं आणि तो निवडून आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये घोषणा झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मंडळ सुरू झालं. त्या शेतकऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण यातून एक गोष्ट कळते. ज्याचा आवाज मोठा आणि सतत, त्याच्याकडे सरकार आधी वळतं. गरज कुणाची जास्त, हा हिशोब पुष्कळदा मागून होतो.

थोडे लोक जिंकतात, पुष्कळ लोक हरतात

लोकशाहीत बहुसंख्यांचं चालतं असं आपण मानतो. मग मूठभर लोकांची लॉबी जिंकते कशी? मॅन्कर ओल्सन नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्ये याचं उत्तर मांडलं. मी ते वर्गात असं सांगतो: समजा एखाद्या नियमामुळे दहा कारखान्यांना प्रत्येकी दहा कोटी मिळणार आहेत आणि ते शंभर कोटी दहा कोटी लोकांच्या खिशातून जाणार आहेत. म्हणजे माणशी दहा रुपये. दहा रुपयांसाठी कोण मुंबईची गाडी पकडणार? पण दहा कोटींसाठी कारखाना वकील नेमेल, अहवाल करून घेईल, मंत्रालयात रोज माणूस बसवेल. ज्यांचा फायदा एकवटलेला असतो ते संघटित होतात. ज्यांचं नुकसान विखुरलेलं असतं त्यांना ते नुकसान झालेलंही कळत नाही.

म्हणून ग्राहकाची लॉबी दुबळी असते आणि उत्पादकाची बळकट. धोका सुरू होतो तो इथून, त्यासाठी कुणी बेइमान असायलाच हवं असं नाही.

आता उसाकडे येतो, कारण आमच्या जिल्ह्यात हा विषय टाळून लॉबीवर लिहिणं म्हणजे कृष्णेचं नाव न घेता पुरावर लिहिणं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दराचे पैसे द्यायचे असतात. २१ फेब्रुवारी २०२२ ला राज्य सरकारने निर्णय काढला की एफआरपी दोन टप्प्यांत दिली तरी चालेल. पुणे आणि नाशिक विभागात पहिला हप्ता १० टक्के उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरून, आणि बाकीचे हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. कागदावर हा साधा तांत्रिक बदल वाटतो. पण शेतकऱ्याच्या घरी सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं, आडसालीची खतं आणायची असतात, पोरीचं लग्न असतं. राहिलेले पैसे किती महिन्यांनी येणार, याच्यावर सगळं अवलंबून.

कारखान्यांची बाजू खोटी नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. साखर वर्षभर थोडी थोडी विकली जाते, उसाचे पैसे मात्र चार-पाच महिन्यांत द्यायचे. त्यासाठी बँकेची उचल घ्यावी लागते आणि तिचं व्याज डोक्यावर बसतं. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि पुढे अनेक वर्षं तिथेच राहिली, तर एफआरपी २०१८-१९ च्या क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ साठी ३५५ वर गेली. हे आकडे घेऊन कारखानदार सरकारकडे गेले तर त्यात गैर काही नाही. शेतकरी संघटनाही आपले आकडे घेऊन गेल्या. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि १७ मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्याचा तो निर्णय रद्द केला. दोन लॉबी समोरासमोर, निकाल न्यायालयात. लोकशाही थकवणारी असली तरी इथे चालली, असं माझं मत आहे.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. इतर देशांत लॉबी सभागृहाच्या बाहेर उभी असते. महाराष्ट्रात साखरेची लॉबी कित्येकदा आतच बसलेली असते. कारखान्याचा अध्यक्ष, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार हा एकच माणूस असणं आपल्याला इतकं सवयीचं झालं आहे, की त्यात विचारण्यासारखं काही आहे हेच आपण विसरलो. सहकारातून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाने या भागात शाळा, दवाखाने, पाणी आणलं, ते मी नाकारत नाही. मी शिकलो ती शाळाही त्यातलीच. तरी दर ठरवणारा आणि दर देणारा एकच असेल, तर दर घेणाऱ्याने कुणाकडे बघायचं? राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवावी लागते. ती सवय प्रत्येक सभागृहात आणि प्रत्येक समितीत हवी.

ती नसली की काय होतं, याचं उदाहरण तंबाखूचं आहे. पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व्यापावा, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदेच्या एका समितीने तो थांबवा म्हणून सांगितलं. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे तेव्हाचे खासदार दिलीप गांधी यांनी म्हटलं की तंबाखूने कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नाही. त्याच समितीत एक सदस्य स्वतः विडीचे मोठे कारखानदार होते. देशभर ओरड झाली आणि नियम वर्षभराने, एप्रिल २०१६ मध्ये लागू झाला. वर्ष फुकट गेलं. विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि तो मांडला गेलाच पाहिजे, पण तो मांडायला त्या बायकांना कुणी बोलावलं होतं का?

पैसा मध्ये आला की

पटवून देणं आणि विकत घेणं यांच्यात फरक आहे, आणि तो फरक पैसा पुसून टाकतो. निवडणूक रोख्यांची योजना २०१८ मध्ये आली. कंपनीने स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, आणि मतदाराला यातलं काही कळायचं नाही. त्याआधी कंपनीला सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची, ती मर्यादाही काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला योजना घटनाबाह्य ठरवली आणि यादी जाहीर करायला लावली. तोवर सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते.

ज्याने पक्षाला पन्नास कोटी दिले आणि ज्याने आवक खिडकीवर निवेदन दिलं, ते दोघेही उद्या त्याच मंत्र्याला भेटायला गेले, तर कुणाला आधी आत सोडतील? देणगीच्या बदल्यात काय मिळालं हे सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून निदान देणगी कुणी दिली हे तरी उघड्यावर हवं.

उघड्यावर असण्याने किती फरक पडतो, ते २०१२ मध्ये दिसलं. वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातल्या विषयांत भारताची बाजारपेठही होती, ही बातमी आली. आपली संसद त्यावर बंद पडली, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी नेमली गेली. पण ही माहिती आपल्याला मिळाली कुठून? अमेरिकेतून. तिथे १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. कुणासाठी, कोणत्या विषयावर आणि किती खर्च केला, ते दर तिमाहीला लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे तसा कायदाच नाही. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. नोंदवहीने अमेरिकेतल्या औषध कंपन्यांची ताकद संपली असं नाही. ती आजही प्रचंड आहे. पण तिथला पत्रकार निदान आकडा बघून प्रश्न विचारू शकतो.

माझ्या मते आपला खरा तोटा हाच आहे. आपण लॉबिंगला शिवी समजून त्याच्याकडे पाठ फिरवली, त्यामुळे ते थांबलं तर नाहीच, उलट बंद दाराआड गेलं.

ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी काय केलं

आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीला १९९३ पासून पाणी परिषद भरत आली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी सातारा, सांगली, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतली माणसं एकत्र केली. त्यांच्याकडे वकिलांची फौज नव्हती. त्यांनी दरवर्षी परिषद घेतली, मोर्चे काढले, ठराव केले आणि कृष्णेच्या पाण्याचा अभ्यास करून मागणी मांडली. नुसतं 'पाणी द्या' म्हटलं नाही, तर समान वाटप कसं करता येईल हेही सांगितलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आटपाडीच्या माळावर पोचायला किती वर्षं गेली ते तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. पण पोचलं. गरिबांची लॉबी चालते, फक्त तिला चिकाटी आणि अभ्यास या दोनच गोष्टी परवडतात.

तरीही काहीजणांना तेवढंही परवडत नाही. ऊसतोडीला बीडकडून आलेलं जोडपं आमच्या बांधावर पालात राहतं. कारखानदार आणि शेतकरी दराच्या बैठकीत भांडतात तेव्हा कोयता धरणारा त्या खोलीत नसतो. त्यांच्या संघटना आहेत, मजुरीचे करारही होतात. पण त्यांचं मत एका जिल्ह्यात, काम दुसऱ्या जिल्ह्यात. पालात दिवा नाही, पोराची शाळा सुटली, तर दबाव आणायचा कोणत्या आमदारावर? इथल्या आमदाराला त्यांचं मत नको, तिकडच्या आमदाराला ते दिसत नाहीत. लॉबिंगच्या चर्चेत बलवान लॉबीबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला या लॉबीच नसलेल्या माणसांची जास्त काळजी वाटते.

भाषेचाही अडसर आहे. २०१४ च्या धोरणाप्रमाणे केंद्राच्या कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. पण तो बहुधा संकेतस्थळावर, इंग्रजीत. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा आला तेव्हा तो सगळ्या अनुसूचित भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. कंपनीचा सल्लागार पहिल्या दिवशी मसुदा वाचतो. आमच्या गावात तो पोचतो तेव्हा मुदत संपलेली असते.

तात्यांना आता मी एवढं सांगतो. निवेदनात भावना दोन ओळी आणि आकडे दहा ओळी लिहायच्या: किती एकर, किती खर्च, नियमाने नेमकं कुठे अडतं आणि कोणतं वाक्य बदललं तर सुटेल. ते देताना पोच घ्यायची, आवक क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवायची. महिनाभर वाट बघून माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात दोन प्रश्न. पहिला, आमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली. आणि दुसरा, या विषयावर ज्या बैठका झाल्या, त्यांना कोण कोण हजर होतं, त्या यादीची प्रत मिळावी.